पुरेसे किती, हे एकदा कागदावर लिहा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : माझे वय 50 वर्षे. बालपण लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत गेले. वडील गिरणी कामगार होते आणि आई घरीच खानावळ चालवायची. मी सात वर्षांची असताना संप सुरू झाला आणि दोन्ही मिळकती थांबल्या. त्या काळात आई भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवूनच ‘पोटभर झाले ना?’ असे विचारायची आणि आम्ही भावंडे ‘हो’ म्हणायचो. आज मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते, पतीही नोकरीत आहेत, घराचे कर्ज 2021 मध्ये फिटले. महिन्याचा खर्च सुमारे 38,000 रुपये असून 11 लाखांच्या ठेवी आहेत. त्यांपैकी 7 लाख एका सहकारी बँकेत आणि 4 लाख, व्याज थोडे जास्त मिळते म्हणून, एका पतसंस्थेत ठेवले आहेत. तरीही माझ्या हातून काहीच सुटत नाही. चांगले कप कपाटात ठेवून आम्ही टवका उडालेल्या कपांतून चहा पितो. कार्यालयात नव्याने आलेल्या मुलीला मी माझे काम शिकवत नाही. जाऊबाईंनी फ्लॅट घेतला, तेव्हा मला आठवडाभर झोप आली नाही. मागच्या महिन्यात मुलगी म्हणाली, ‘आई, तुझ्याकडे काही मागायची भीती वाटते.’ त्यानंतर मी ‘अबंडन्स माइंडसेट’ची, म्हणजे समृद्धीच्या मानसिकतेची, एक ऑनलाइन कार्यशाळा केली आणि सांगितल्याप्रमाणे 21 दिवस रोज वहीत ‘मी समृद्ध आहे’ असे लिहिले. पण लिहिताना मी खोटे बोलते आहे असेच वाटत राहिले. 19 वर्षे जपलेली पैठणी परवा काढून पाहिली, तर ती घडीवरच विरली होती. माझे काय चुकते आहे?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना पैठणी लक्षात राहिली आणि दुसऱ्यांदा ती 21 दिवसांची वही. सुरुवात वहीपासून करते, कारण त्या वहीने आपल्या मनावर एक जादा ओझे टाकलेले दिसते. आधी फक्त पैसा सुटत नव्हता. आता ‘साधे समृद्ध वाटून घेणेही मला जमत नाही’ ही खंत त्यात भर घालून बसली आहे.

ती खंत आपण सोडून द्यावी. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, स्वतःबद्दलचे चांगले वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हटल्याने काय होते, हे तपासले होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच बरे होते त्यांना त्याने थोडेसे बरे वाटले. परंतु ज्यांना त्या वाक्याची खरी गरज होती, त्यांची मनःस्थिती ते म्हटल्यानंतर उलट अधिकच उतरली. वाक्य जितके मोठे, तितका मन त्याचा पुरावा मागते आणि पुरावा हाती नसला की जुनाच समज पक्का होतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. आपण तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आहेत. पावती नसलेली नोंद आपल्या मनाने मंजूर केली नाही, यात चुकले काहीच नाही. (त्या कार्यशाळेने आयोजकाची समृद्धी वाढली असेल, याविषयी मला शंका नाही.)

आता ही भीती आली कोठून, याकडे नीट पाहू. मुंबईतील गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. सात वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण असते. दुष्काळ संपतो, आजार संपतो. ‘आता संपले, उद्यापासून पूर्ववत’ असे आपल्या घरात कोणी कधी म्हणू शकले नाही. शिवाय घरातल्या दोन मिळकती वरवर वेगळ्या दिसत असल्या तरी एकाच भोंग्यावर चालत होत्या. वडिलांचा पगार थांबला आणि त्याच वेळी आईकडे जेवायला येणारे कामगार खोल्या सोडून कोकणात नाहीतर घाटावर आपापल्या गावी निघून गेले. दोन आधार असूनही एका दिवसात दोन्ही जातात, हे ज्या मुलीने पाहिले, तिने पुढे कशाचीही खात्री न बाळगणे हे शहाणपणच होते. मी त्याला रोग म्हणणार नाही. पण ते शहाणपण 1982 सालचे आहे, आणि त्याची फेरतपासणी त्यानंतर झालेली नाही.

मी हे बाहेरून बोलत नाही. 1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. मराठवाड्यातील आमच्या गावाजवळच्या दुष्काळी कामावर आई खडी फोडायला जायची आणि तेथे मिळणारी सुकडी ती पदराच्या गाठीत बांधून आणायची. आजही साबणाची उरलेली चिपटी मी नव्या वडीला चिकटवते, आणि त्याबद्दल मला मुळीच संकोच नाही. परंतु एका वर्षी भाव चढणार या धास्तीने मी दोन वर्षांचा गहू भरून ठेवला, पावसाळ्यात त्याला कीड लागली, आणि सुमारे 40 किलो गहू मी माझ्या हातांनी फेकून दिला. दुष्काळात वाढलेल्या बाईने धान्य फेकणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. साबणाची चिपटी आणि तो गहू या दोन्हींना मी त्या दिवसापर्यंत ‘काटकसर’ असेच म्हणत होते.

टंचाई मनाला काय करते, याचा एक अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. तमिळनाडूतील 54 गावांमधील 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांना संशोधकांनी एकाच प्रकारची कोडी दोन वेळा सोडवायला दिली : एकदा तोडणीआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि एकदा उसाचे पैसे हाती आल्यानंतर. माणसे तीच, पण तोडणीआधी त्यांची कामगिरी ठळकपणे खालावलेली होती. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पैशाची ओढाताण असली की लक्ष त्या ओढाताणीवरच खिळते आणि इतर विचारांना जागा उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या शेतकऱ्यांच्या हाती पैसे आले तेव्हा त्यांचे मन मोकळे झाले. आपली तोडणी 2021 मध्येच होऊन गेली आहे, पण मन अजून तोडणीआधीच्या महिन्यातच राहते आहे.

आणि अशा मनाचा पहारा भलत्याच दारावर बसतो, हे आपल्याच पत्रावरून दिसते. आपण कप सांभाळता, पैठणी सांभाळता. आणि 4 लाख रुपये मात्र थोड्या व्याजासाठी पतसंस्थेत ठेवता. बँकांमधील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे, म्हणजे डीआयसीजीसीचे, संरक्षण असते आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपये आहे. सहकारी बँका या विम्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. म्हणजे आपल्या 11 लाखांपैकी पतसंस्थेतील 4 लाख, आणि सर्व ठेवी एकाच नावावर असतील तर सहकारी बँकेतील 2 लाख, असे 6 लाख रुपये या विम्याच्या बाहेर आहेत. ती पतसंस्था किंवा ती बँक वाईट आहे असे मी म्हणत नाही. मला त्यांची नावेही माहीत नाहीत. परंतु जी बाई टवका उडालेला कप टाकत नाही, तिला ही गोष्ट कधी सुचली नाही, कारण भीतीला हिशेब येत नाही, तिला फक्त मूठ आवळता येते.

म्हणून माझा पहिला सल्ला वहीचाच आहे, फक्त नोंद वेगळी. येत्या रविवारी पतीसह बसून ‘पुरेसे’ या शब्दापुढे एक आकडा लिहा. महिन्याचा खर्च 38,000 रुपये धरला तर आपल्या ठेवी, व्याज सोडूनही, जवळजवळ 29 महिन्यांचा खर्च भागवतात, आणि तोही दोघांचे पगार एकाच दिवशी बंद झाले तर. सहसा सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा असे सांगितले जाते. आपण 1982 पाहिले आहे, तेव्हा आपण बारा महिन्यांचा ठेवा, म्हणजे 4,56,000 रुपये. ही रक्कम विम्याच्या मर्यादेत राहील अशी ठेवा, त्या ठेवीला घरात एक नाव द्या आणि तिला हात लावू नका. मुलीचे शिक्षण, निवृत्ती आणि आजारपण यांसाठीची तरतूद त्यानंतर मांडा. आरोग्य विमा फक्त कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर तोही जातो, हे लक्षात घेऊन स्वतंत्र विम्याची चौकशी आताच करा, कारण वय वाढेल तसा हप्ता चढत जातो. एवढे करून महिन्याला जे उरेल, ते दोन हजार असो की पाच हजार, ती आपली मोकळी रक्कम. ‘मी समृद्ध आहे’ या वाक्यावर मनाने सही केली नाही. ‘माझ्याकडे बारा महिन्यांची तरतूद आहे’ या वाक्यावर ते करील, कारण त्याच्यामागे पासबुक आहे.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते नाही. आपल्या जुन्या घरांमध्ये ‘संपले’, ‘फुटले’ हे शब्द तोंडातून काढत नसत. बांगडी ‘वाढते’, नारळ ‘वाढवतात’, आणि धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. पानात अन्न घालण्यालाही आपण ‘वाढणे’च म्हणतो. ही घरे काही श्रीमंतांची नव्हती, आणि त्या बायका भोळ्याही नव्हत्या. कोणत्या डब्यात किती पसे पीठ आहे, हे त्यांना अंधारातही सांगता येई. बोलणे भरलेले आणि मोजणे चोख, असे दोन्ही एकाच हातात नांदत होते. आपल्या आईने पातेल्यावर झाकण ठेवले, त्याखाली किती शिते आहेत हे तिला पक्के ठाऊक होते, आणि तरीही तिने ‘संपला’ असे न म्हणता ‘पोटभर झाले ना?’ असे विचारले. आपण त्या झाकणाकडे टंचाईची आठवण म्हणून पाहता. मला त्यात ते वाढणारे हातही दिसतात.

आता कार्यालयातील मुलीविषयी. खासगी कंपनीत पन्नाशीच्या कर्मचाऱ्याला वाटणारी धास्ती काल्पनिक आहे, असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. स्वस्तात काम करणारे माणूस मिळाले की महागाचे काढतात, हे घडते. तरीही आपल्याच पत्रातील एक ओळ, जी वर छापलेली नाही, मी आपल्यासमोर ठेवते : गेल्या सहा वर्षांत आपण सलग चार दिवसांपेक्षा जास्त रजा घेतलेली नाही, कारण खरेदीच्या बिलांचा जीएसटीशी ताळमेळ बसवणे आपल्याशिवाय कोणालाच येत नाही. म्हणजे किल्ली आपल्याकडे आहे, आणि त्याच किल्लीने आपणही आत कोंडल्या गेल्या आहात. आपल्या आईच्या व्यवसायातील बायकांचेच उदाहरण घ्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. या बायका एका अर्थी एकमेकींच्या स्पर्धक होत्या. वस्ती तीच, जेवणारे कामगार तेच. पण सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी त्यांनी गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचे कर्ज मिळवले. शेजारणीची चूल चालू राहिली तर आपल्या कर्जाची पत राहते, हा रोकडा हिशेब होता, त्यात संतपणा नव्हता.

आपणही रोकडाच हिशेब करावा. ताळमेळाची पद्धत पायरीपायरीने लिहून काढा, कागदावर आपले नाव आणि तारीख घाला, ते टिपण आधी वरिष्ठांना पाठवा आणि मग त्या मुलीला शिकवायला घ्या. मुकाट्याने शिकवले तर श्रेय हरवते. असे शिकवले तर ‘काम येणारी’ या ओळखीत ‘काम शिकवणारी’ याची भर पडते. सगळे एकदम देण्याची गरज नाही. पहिल्या महिन्यात एक काम द्या, त्याचा परिणाम पाहा, आणि त्या मुलीच्या भरवशावर आठ दिवसांची रजा घेऊन दाखवा.

जाऊबाईंच्या फ्लॅटविषयी मी थोडेच लिहिते, कारण तेथे लिहिण्यासारखे थोडेच आहे. आपल्या खात्यातून एक रुपयाही त्या फ्लॅटमध्ये गेलेला नाही. झोप उडाली ती फ्लॅटमुळे नसावी. आपण इतकी वर्षे मन मारले आणि त्यांनी हौस करूनही घर घेतले, मग आपले मन मारणे फुकट गेले काय, हा प्रश्न आपल्याला जागवत असावा. त्याचे उत्तर आपले फिटलेले कर्ज आहे. वास्तुशांतीला जा, घर नीट फिरून पाहा, आवडलेल्या एका गोष्टीचे तोंडभर कौतुक करा आणि घरी येऊन त्यावर दीरांच्या कर्जाची चर्चा करू नका. हे शेवटचे सर्वांत अवघड जाईल.

मुलीचे मात्र सविस्तर. ‘मागायची भीती वाटते’ असे ती म्हणाली, याचा अर्थ ती अजून बोलते आहे. आपण लिहिता की तिने शिबिरासाठी 4,500 रुपये मागितले, आपण आधी ‘पैसे नाहीत’ म्हणालात, दोन दिवस घरात अबोला झाला आणि तिसऱ्या दिवशी पैसे दिलेत. तिला रक्कम मिळाली, त्याबरोबर दोन समजही मिळाले : आपल्या घरात पैसे नसतात, आणि दोन दिवस अबोला झाला की मग असतात. पहिला समज खोटा आहे आणि दुसरा तिच्या पुढच्या आयुष्यात तिला महागात पडेल. म्हणून घरात ‘पैसे नाहीत’ हे वाक्य, ते अक्षरशः खरे असल्याशिवाय, उच्चारू नका. शिबिर सुरक्षित वाटत नसेल तर तसे म्हणा. रक्कम अवाजवी वाटत असेल तर तसे म्हणा. या महिन्याची मोकळी रक्कम संपली असेल तर ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणा. नकार द्यायला आपण मोकळ्या आहात, फक्त नकाराचे कारण खरे असावे. त्याबरोबर दर महिन्याला एक ठराविक रक्कम तिच्या हाती द्या आणि तिचा हिशेब मागू नका. हिशेब विभागातील बाईला हे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. पहिल्या महिन्यात ती ते पैसे काहीतरी निरर्थक वस्तूवर उडवील, आणि आपण गप्प बसायचे आहे. शिवाय ते पातेल्यावरचे झाकण तिला एकदा सांगा. उपदेश म्हणून नव्हे, आजीची गोष्ट म्हणून. आपल्या घरातील भीतीला एक सुरुवात आहे, हे तिला कळले तर ती भीती तिच्या वाट्याला निनावी येणार नाही.

कृतज्ञतेची वही लिहावी का, असेही आपण विचारले आहे. लिहावीशी वाटली तर आठवड्यातून एकदा, चार-पाच ओळी लिहा. रोज लिहायला लागलात की ती कामाच्या यादीसारखी होईल आणि आपण त्यातही स्वतःला नापास कराल, असा माझा अंदाज आहे. ओळी मात्र बारीक तपशिलाच्या असाव्यात. ‘कुटुंब चांगले आहे’ यापेक्षा ‘गुरुवारी पावसात रिकाम्या रिक्षेने थांबून विचारले’ ही ओळ मन लवकर मान्य करते.

कपांचा निर्णय आजच घ्या. टवका उडालेले कप फेकवत नसतील तर त्यांत कोथिंबीर लावा, पण चहा नव्या कपांतून घ्या, आणि पाहुणे नसताना घ्या. एखादा कप वाढेल, वाढू द्या.

राहता राहिली पैठणी. रेशमावर वर्षानुवर्षे एकाच जागी घडी राहिली की ते त्या रेषेवर विरते. म्हणून घरातील इतर रेशमी साड्या मलमलीत ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची घडी बदला, आणि त्याहून सोपा उपाय म्हणजे त्या नेसा. विरलेल्या पैठणीचे काठ आणि पदर शाबूत असल्याचे आपण लिहिले आहे. मधल्या रेषा किती खोल गेल्या आहेत, हे रफूगार हात लावून सांगेल. एकदोनच असतील तर रफू करून ती या लग्नसराईत नेसता येईल. रेशीम सगळीकडेच जीर्ण झाले असेल, तर काठ-पदर काढून घेऊन मुलीसाठी घागरा किंवा दुपट्टा होऊ शकतो. रफूगाराकडे जाताना तिला सोबत न्या, आणि कात्री लागण्यापूर्वी तिला काय हवे आहे, ते तिलाच विचारा.